वशीकरणाचा काढा आणि मास्टर बॉल

हेझल या मुलीला आल्मंड नावाचा मुलगा आवडतो. त्याचं मन आपल्याकडे वळावं म्हणून तिची धडपड चालू असते. अशा वेळी एक आजोबा तिच्याशी सौदा करतात: तू मला पोकेमॉन पकडून आणून दे, मी तुला वशीकरणाचा काढा करून देतो. एवढ्याशा कथासूत्रावर यूमी त्सुकिरिनो यांनी 'पॉकेट मॉन्स्टर्स पिपिपि अ‍ॅडव्हेंचर' ही चित्रकथा उभी केली. जपानच्या शोगाकुकान या प्रकाशन संस्थेच्या 'चाओ' या मुलींच्या मासिकात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती क्रमशः येऊ लागली. पुढे तिचे दहा खंड झाले आणि इंग्रजीत ती 'मॅजिकल पोकेमॉन जर्नी' या नावाने आली. पोकेमॉनच्या पसाऱ्यात तिला मानाचं पान कधीच मिळालं नाही. खेळांचे कट्टर चाहते तिला गोडगोड, पोरकट आणि मूळ कथेशी फारसा संबंध नसलेली मानतात. या लेखाचं म्हणणं उलट आहे. साहसाच्या गोष्टीला प्रेमकथेची फांदी फुटते, तेव्हा मूळ कथेने टाळलेला एक प्रश्न पहिल्यांदा ऐरणीवर येतो: ज्याला मिळवायचं आहे त्याने 'नाही' म्हटलं तर काय? हा प्रश्न जपानी मासिकांपुरता नाही. सोलापूरच्या वाचकाला तर तो समजून घ्यायला लांब जावं लागत नाही, कारण या शहराची सर्वांत मोठी यात्रा अशाच एका फांदीवर उभी आहे.

आधी मूळ खोड पाहू. पोकेमॉनचा पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्यांत आला. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करायचा. शेतं आणि डबकी बुजून तिथे इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा शहरातल्या मुलांना किडे पकडण्याचा आनंद पडद्यावर तरी मिळावा, या कल्पनेतून हा खेळ आकाराला आला. दीडशे प्राणी आणि वर एक लपवलेला म्यू, अशी त्याची यादी होती. आज ती हजाराच्या पुढे गेली आहे. काही प्राणी एकाच आवृत्तीत सापडत, त्यामुळे यादी पुरी करायची तर दोन यंत्रं तारेने जोडून मित्राशी अदलाबदल करावीच लागे. आपल्याकडे २००३पासून कार्टून नेटवर्कवर या मालिकेने मुलांना वेड लावलं आणि डिसेंबर २०१६मध्ये 'पोकेमॉन गो' जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे भारतात आला. म्हणजे आज तिशीत असलेल्या मराठी वाचकाला पिकाचू कोण, हे सांगावं लागत नाही. सांगायला हवी ती प्राण्यावर चेंडू टाकून त्याला आत पकडण्यामागची यंत्रणा. खेळाच्या पोटात प्रत्येक जातीपुढे एक आकडा लिहिलेला असतो. कॅटरपी नावाच्या अळीपुढे २५५, म्हणजे चेंडू टाकला की बहुधा आलीच. मेवटू या बलाढ्य प्राण्यापुढे ३, म्हणजे चेंडूमागून चेंडू वाया जाणार. आधी मारून त्याची ताकद घटवली, त्याला झोपवलं, की शक्यता वाढते. चेंडू दोनतीनदा हलतो, प्राणी बाहेर उडी मारतो, आणि खेळाडू पुढचा चेंडू काढतो. प्राण्याचा नकार या जगात आहे, पण तो केवळ संभाव्यतेचं गणित आहे. चिकाटी धरली की गणित सुटतं. आणि ज्याला चिकाटीही नको त्याच्यासाठी मास्टर बॉल आहे: पहिल्या खेळात सिल्फ कंपनीचा अध्यक्ष खूश होऊन तो देतो. तो टाकला की समोरचा कुणीही असो, सुटका नाही.

आता मासिकांकडे वळू, कारण जपानी चित्रकथा बहुतेक वेळा आधी मासिकात जन्म घेते आणि मासिकाचा वाचक ठरलेला असतो. मुलगे की मुली, प्राथमिक शाळेतले की कॉलेजातले, यानुसार मासिकं वेगळी आणि त्यांचे संकेतही वेगळे. पोकेमॉनला मोठं केलं ते शोगाकुकानच्याच 'कोरोकोरो कॉमिक' या मुलग्यांच्या मासिकाने. तिथे कोसाकू आनाकुबो यांची विनोदी मालिका १९९६मध्येच सुरू झाली. पाठोपाठ १९९७मध्ये हिदेनोरी कुसाका आणि चित्रकार मातो यांची 'पोकेमॉन स्पेशल' शालेय मासिकांतून येऊ लागली. ती खेळाच्या कथानकाशी पुष्कळ इमान राखणारी, लढायांची आणि डावपेचांची. 'चाओ' हे त्याच घरातलं मुलींचं मासिक, १९७७पासून चालू असलेलं. 'नाकायोशी' आणि 'रिबोन' या जुन्या मासिकांशी त्याची स्पर्धा. या मासिकांतल्या कथेत लढाईपेक्षा मनातली उलघाल मोठी असते. पात्राच्या डोळ्यांना पानाचा मोठा भाग मिळतो, एका नजरेसाठी चौकट मोडली जाते, पार्श्वभूमीला फुलं आणि चांदण्या येतात. गोळा करण्याची कल्पना या परंपरेला नवी नव्हती. 'नाकायोशी'मध्ये १९९६ सालीच क्लॅम्प या चित्रकर्त्या गटाने 'कार्डकॅप्टर साकुरा' सुरू केली होती. तिथली शाळकरी साकुरा सुटून गेलेली जादूची पानं एकेक करून पकडते, आणि कथेचा खरा भार मात्र कोण कुणावर जीव लावतं आणि ते कसं सांगतं, यावर असतो. तेव्हा पोकेमॉन 'चाओ'त शिरला तो अनोळखी प्रदेशात नव्हे. यादी आणि हुरहुर एकत्र नांदवण्याची रीत तिथे पाडलेली होती.

त्सुकिरिनो यांच्या कथेने मूळ मांडणीत दोन बदल केले आणि ते वरवर दिसतात त्याहून खोल आहेत. पहिला बदल: इथले पोकेमॉन बोलतात. मूळ खेळात आणि दूरचित्रवाणीवर ते बहुधा स्वतःचं नाव उच्चारत राहतात. माणसाची भाषा बोलणारा मिआउथ हा तिथे अपवाद आणि म्हणूनच विनोद. 'चाओ'त मात्र ते हेझलशी गप्पा मारतात, रुसतात, आपल्या अडचणी सांगतात, आणि लढती फार क्वचित होतात. जो तुमच्याशी बोलतो त्याच्यावर चेंडू टाकणं अवघड होऊन बसतं. त्याला आधी विचारावं लागतं. त्यामुळे हेझलच्या वाट्याला प्राणी कमी आणि मैत्री जास्त येते. दुसरा बदल: पकडण्यामागचा हेतू. मूळ खेळात सगळे पकडायचे कारण सगळे पकडायचे आहेत. यादी हेच साध्य. इथे यादी हे भाडं आहे आणि साध्य आहे एका मुलाचं प्रेम. पण ते प्रेम हेझलला काढ्याने मिळवायचं आहे. वशीकरणाचा काढा म्हणजे माणसाच्या मनावर टाकायचा मास्टर बॉल. समोरच्याची इच्छा विचारातच न घेता त्याला आपलं करण्याची ती युक्ती. एका हातात चेंडू आणि दुसऱ्या हातात काढ्याची आशा घेऊन निघालेली ही मुलगी नकळत वाचकासमोर दोन्ही गोष्टी शेजारी मांडते. आल्मंडला काढा पाजणं आपल्याला खटकतं. मग प्राण्याला चेंडूत कोंबणं का खटकत नाही? मूळ खेळात हा प्रश्न उमटायला जागाच नव्हती, कारण तिथे प्राण्याला तोंड होतं पण म्हणणं नव्हतं.

इथे एक आक्षेप लगेच येईल: ही तर आठ-दहा वर्षांच्या मुलींसाठी लिहिलेली हास्यकथा, तिच्या खांद्यावर एवढं तत्त्वज्ञान कशाला लादता? आक्षेप अर्धा खरा आहे. त्सुकिरिनो यांनी प्रबंध लिहिलेला नाही, आणि त्यांच्या मनात हाच प्रश्न होता असा दावाही इथे नाही. पण कथेचा प्रकार स्वतःचे प्रश्न घेऊन येतो, लेखकाने ठरवो वा न ठरवो. साहसकथेत दोनच निकाल असतात, जय आणि पराजय. अडथळा कितीही मोठा असला तरी तो ओलांडायचाच असतो. प्रेमकथेत तिसरी शक्यता असते: समोरचं माणूस अडथळा नसतं, त्याला स्वतःचं मन असतं, आणि ते 'नाही' म्हणालं तर तो पराभव ठरत नाही, ते उत्तर ठरतं. त्या उत्तराचं काय करायचं, हे ठरवण्यात प्रेमकथेचं सगळं नाट्य असतं. म्हणून पोकेमॉनच्या जगात प्रेमकथा आणली की नकाराला आकड्यांच्या तक्त्यातून बाहेर यावंच लागतं. हास्यकथा असल्याने हे काम उलट सोपं झालं. ज्या गोष्टीवर आपण हसतो ती आपण आधी ओळखलेली असते.

सोलापूरची गोष्ट इथे उदाहरण म्हणून येते, आणि आधीच स्पष्ट केलेलं बरं, की तुलना श्रद्धेची आणि खेळण्याची नाही. ती कथेच्या बांधणीची आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर म्हणजे ज्यांनी त्या वेळच्या सोन्नलगीला रूप दिलं ते कर्तृत्ववान पुरुष. त्यांनी तलाव खोदवला, देऊळ बांधलं, शहरात आणि परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, वचनं रचली, कल्याणच्या शरण चळवळीत त्यांचं नाव आदराने घेतलं गेलं. कन्नड कवी राघवांकाने त्यांचं चरित्र काव्यात बांधलं. हे मूळ खोड: कर्तृत्वाचं, बांधकामाचं, मोजता येणाऱ्या कामाचं. पण मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेचा, सोलापूरकरांच्या भाषेत गड्ड्याचा, गाभा वेगळाच आहे. लोककथा अशी, की सिद्धरामेश्वरांची मनोभावे सेवा करणाऱ्या एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली. ते योगी, संसार त्यांना मान्य नव्हता. त्यांनी नकार दिला. पण तिच्या भावनेचा अव्हेरही केला नाही. आपल्या योगदंडाशी विवाह करायला त्यांनी तिला संमती दिली. आजही उंच काठ्यांचे सात नंदीध्वज त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून मिरवतात. पहिल्या दिवशी पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वज तोलत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी बाशिंग बांधलेले नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी येतात, संमतीची वचनं म्हटली जातात आणि हजारो हातांतून अक्षता पडतात. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमप्रदीपन होतं.

या क्रमाकडे नीट पाहिलं तर बांधणी लक्षात येते. पहिला दिवस यादीचा आहे. अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट. एकही लिंग वगळून चालत नाही. कर्तृत्वाची गोष्ट अशीच सांगितली जाते, मोजून आणि फिरून. दुसरा दिवस मात्र एका नात्याचा आहे आणि गर्दीचा कळस त्या दिवशी होतो. ज्या महापुरुषाचं काम शिलालेखाला आणि काव्याला पुरेल एवढं होतं, त्याच्या स्मरणाचा सर्वोच्च क्षण म्हणून लोकांनी निवडला तो एका मुलीच्या इच्छेचा आणि त्यावर मिळालेल्या उत्तराचा. ही फांदी खोडाला भारी पडली म्हणून खोड कमी झालं नाही. उलट त्या फांदीमुळेच ते शहराच्या अंगणात आलं. तलाव कुणी बांधला हे अभ्यासकाला माहीत असतं, पण अक्षता टाकायला अभ्यासक असावं लागत नाही. वऱ्हाडी झालं की पुरे. आणि नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले असल्यामुळे हे वऱ्हाडही एका जातीचं राहत नाही. कथेतला तिढा सुटतो तोही पाहण्याजोगा. इथे काढा नाही, शाप नाही, जबरदस्ती नाही. एका बाजूने इच्छा, दुसऱ्या बाजूने नकार, आणि दोन्हींचा मान राखणारी मधली वाट. साहसाच्या नियमांत असा शेवट बसत नाही, कारण तिथे कुणीतरी हरावंच लागतं.

सोलापुरातलंच दुसरं उदाहरण तर पोकेमॉनच्या अधिक जवळ जातं, कारण त्यात राक्षस आहेत. शहरालगतच्या बाळ्याला खंडोबाचं प्रसिद्ध देऊळ आहे आणि चंपाषष्ठीला तिथे भंडाऱ्याची उधळण होते. संस्कृत 'मल्हारी माहात्म्या'तला खंडोबा हा मार्तंडभैरव. मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार हे त्याचं कार्य. त्यातही मणीचा शेवट लक्षणीय: तो हरतो, शरण येतो आणि देवाजवळ जागा मागून घेतो. हरलेला दैत्य देवळात सामावला जातो, विजेत्याच्या परिवारात जमा होतो. पण वाघ्या-मुरळी रात्रभर जागरण घालतात तेव्हा गर्दी ताटकळते ती बाणाईच्या आख्यानासाठी. तिथे तोच दैत्यसंहारक देव म्हाळसेशी सारीपाटात हरतो, घर सोडतो आणि बाणाई या धनगर मुलीच्या वाड्यावर चाकर म्हणून मेंढरं राखतो. लढाईत कुणाला न जुमानणाऱ्या देवाला इथे खालमानेने काम करावं लागतं, बोलणी खावी लागतात, वाट पाहावी लागते. तलवारीने बाणाई मिळत नाही. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर लिहिताना आणि हायडेलबर्गच्या गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या परंपरेचा अभ्यास करताना ही लोककथा ग्रंथातल्या कथेइतक्याच गांभीर्याने घेतली, आणि त्यामागे कारण होतं. माहात्म्य सांगतं देव किती बलवान. बाणाईची कथा सांगते त्याचं कुणाशी नातं आहे. मेंढपाळांच्या वस्तीला देव आपला वाटतो तो दुसऱ्या कथेमुळे. त्यातलं अस्सल कोणतं आणि उपरं कोणतं, हा वाद भंडारा उधळणारा भक्त घालत बसत नाही. पोकेमॉनचे चाहते मात्र खेळातलं तेवढं खरं, बाकी सगळं दुय्यम, असं मानून चालतात. त्यांना या उदाहरणातून शिकण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा. लोककथा शतकानुशतकं लोकांच्या ओठांवर घडली; 'चाओ'तली मालिका मात्र एका प्रकाशन संस्थेने मुलींचा गल्ला पोकेमॉनकडे वळावा म्हणून छापली, मग दोन्हींना एका पंक्तीला कसं बसवायचं? व्यापारी हेतू नाकारण्यात अर्थ नाही. मुलग्यांचं आणि मुलींचं मासिक एकाच मालकाचं होतं आणि लोकप्रिय पात्र दोन्हीकडे खेळवणं हा सरळ हिशेब होता. पण गोष्ट का निर्माण झाली, यावरून ती काय करते हे ठरत नाही. गड्ड्याचंच पाहा: अक्षता सोहळ्याच्या शेजारी पाळणे फिरतात, दुकानं मांडली जातात, जनावरांचा बाजार भरतो. त्याने सोहळा खोटा होत नाही. व्यापाराने मोकळ्या करून दिलेल्या जागेत कथाकाराने काय पेरलं, हे तपासावं लागतं. शिवाय बाजाराला एवढंच हवं असतं, तर मुलींच्या मासिकात तीच लढाई गुलाबी रंगात छापूनही भागलं असतं. त्सुकिरिनो यांनी प्राण्यांना बोलतं केलं आणि पकडण्याची किंमत एका काढ्यात मांडली. ही निवड बाजाराने सांगितलेली नाही, ती प्रेमकथेच्या तर्कातून आली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मुलग्यांना जग जिंकायला द्यायचं आणि मुलींना एका मुलाचं मन, ही वाटणीच मुळात जुनाट नाही का? आहे. आणि खेळाचा इतिहास या आक्षेपाला बळ देतो. पहिल्या खेळांत खेळाडू मुलगाच असे. मुलगी म्हणून खेळण्याची सोय प्रथम आली ती डिसेंबर २०००मध्ये निघालेल्या 'क्रिस्टल' आवृत्तीत. म्हणजे मधल्या काळात पोकेमॉनच्या जगात नायिका व्हायचं असेल तर वाटेवर प्रेमाचा टोल भरावा लागत होता, असंही म्हणता येईल. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, ही वाटणी मासिकांनी केली, प्रेमकथेने नव्हे. साहसी 'पोकेमॉन स्पेशल'मध्येही यलो नावाचं पात्र आहे: गवती टोपीखाली केस लपवून मुलगा म्हणून वावरणारी मुलगी, जिला लढणं नकोसं वाटतं आणि जी जखमी प्राण्यांना बरं करते. प्राण्याच्या मनाचा विचार करायला गुलाबी मासिकच लागतं असं नाही, आणि साहस करायला मुलगाच लागतो असंही नाही. दोन, जे दुय्यम म्हणून बाजूला ठेवलं गेलं त्यातच अनेकदा मूळ कथेची टीका साठते. महाराष्ट्रातल्या बायांनी जात्यावर बसून रामकथा गायली ती सीतेच्या बाजूने. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने जमा झालेल्या लाखभर ओव्यांमध्ये सीतेचा वनवास वारंवार येतो, आणि रामाच्या पराक्रमापेक्षा तिच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा हिशेब तिथे अधिक मांडला जातो. युद्धकांडाला तिथे फारसा भाव नाही. बायांना स्वयंपाकघरातच ठेवणारी वाटणी अन्यायाचीच होती, पण त्या कोपऱ्यातून त्यांनी जे पाहिलं ते राजसभेतून दिसत नव्हतं. वाटणीला विरोध करावा. त्या कोपऱ्यातून आलेलं ज्ञान मात्र फेकू नये.

तरीही प्रेमकथेची फांदी आपोआप न्याय देते, असा समज करून घेणं भाबडेपणाचं ठरेल. गड्ड्याच्या तिसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या कडब्याची पेंडी कुंभारकन्येचं प्रतीक म्हणून सजवली जाते. तिला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घालतात, सौभाग्याचा सगळा साज चढवतात. मग होमकुंडात तिला अग्नी दिला जातो, कारण कथेत विवाहानंतर ती सती जाते. आदल्या दिवशी जिच्या इच्छेला शहराने अक्षता वाहिल्या, तिच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी आग येते. शिवाय आख्यानांत ती बहुतेक वेळा कुंभारकन्या एवढ्याच ओळखीने येते. बापाच्या व्यवसायापलीकडे तिला ओळख नाही. कथेत 'नाही' म्हणण्याचा अधिकार योग्याला मिळाला. तिला आगीपुढे 'नाही' म्हणता आलं असतं का, हे कथा विचारत नाही. बाणाईच्या आख्यानात बाजू थोडी फिरते: तिथे ती वाड्याची मालकीण आहे, देव तिचा चाकर आहे आणि मान्य करणं न करणं तिच्या हातात आहे. या दोन कथांमधला फरकच आपल्याला कसोटी देतो. प्रेमकथा आहे की नाही यावर काही ठरत नाही. त्या कथेत नकार कोणाकोणाच्या हाती आहे, यावर ठरतं. या कसोटीला हेझलची गोष्ट मधे कुठेतरी बसते. पोकेमॉन बोलतात, म्हणजे नकार देऊ शकतात. ही मोठी मजल. आल्मंड मात्र काढ्याच्या टांगत्या धोक्याखाली वावरतो आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. कथा त्यावर हसवते, पण हसता हसता वाचकाला अस्वस्थ करण्याइतकी जागाही ठेवते.

या अस्वस्थतेची दखल मूळ खेळांनाही पुढे घ्यावी लागली. त्सुकिरिनो यांच्या मालिकेमुळे खेळ बदलले, असं मानायला आधार नाही. पण जी उणीव तिथे उघडी पडली ती खेळकर्त्यांनाही जाणवली असणार. पहिल्या खेळांत निडोरान या एकाच प्राण्याला नर आणि मादी अशी वेगळी चिन्हं होती. बाकी सगळे लिंगाविना, म्हणजे निव्वळ संग्रहातल्या वस्तू. १९९८च्या 'यलो' आवृत्तीत पिकाचू चेंडूत बसायला नकार देऊन खेळाडूच्या मागे चालू लागला आणि त्याची माया किती जडली आहे, हे खेळ आतल्या आत नोंदवू लागला. नोव्हेंबर १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये बहुतेक प्राण्यांना नर-मादी भेद मिळाला, जोड्या आणि अंडी आली, आणि सगळ्यांसाठीच जिव्हाळा मोजला जाऊ लागला. गोल्बॅट हा वटवाघळासारखा प्राणी माया पुरेशी जडल्याशिवाय क्रोबॅट होत नाही. मारून वा दटावून हे साधत नाही. ही प्रगती खरी आहे. पण त्या जिव्हाळ्याची नोंद खेळाच्या पोटात कशी होते? शून्य ते २५५ या आकड्यांत. त्या आवृत्त्यांत २२० झाले की पुढचं रूप येई. पकडण्याची शक्यता ज्या मापात मोजली, त्याच मापात माया मोजली गेली. यंत्राला दुसरा इलाज नाही. त्याला जे मोजता येत नाही ते ठेवता येत नाही.

म्हणूनच फांदीची गरज खोड सुधारल्यानंतरही संपत नाही. खेळ जिव्हाळ्याचा आकडा वाढवत नेऊ शकतो, पण २५५ला पोहोचलेला प्राणी एके दिवशी निघून जाईन म्हणाला, तर त्याची सोय खेळात नाही. गोष्टीत असू शकते. मुलांच्या हाती कोणती पुस्तकं द्यायची हे ठरवणाऱ्या पालकांनी आणि ग्रंथपालांनी 'लढाईची की प्रेमाची', 'मुलग्यांची की मुलींची' या खणांमध्ये पुस्तकं लावणं सोडून द्यावं. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: या गोष्टीत ज्याला मिळवायचं आहे, त्याला स्वतःचं म्हणणं आहे का, आणि ते म्हणणं नकार असेल तर गोष्ट त्याचा मान राखते का? या प्रश्नावर कित्येक गाजलेल्या साहसकथा नापास होतील आणि पोरकट म्हणून हिणवलेल्या कित्येक चित्रकथा निदान काठावर पास होतील. सगळे पकडून झाल्यावर खेळ संपतो, कारण त्याच्याकडे विचारायला काही उरत नाही. हेझलची गोष्ट तिथे संपत नाही, कारण काढा तयार झाला तरी तो पाजावा की नाही, हे तिलाच ठरवावं लागणार आहे.